राणी अ‍ॅनचे चांदीचे फार्दिंग आणि चिंचेचा कोळ

मी, पुरुषोत्तम राजाराम वझलवार, वय वर्षे त्रेपन्न, मूळचा नागपूरचा, हल्ली मुक्काम एडिसन, न्यू जर्सी, हे मृत्युपत्र स्वेच्छेने लिहीत आहे. येत्या मंगळवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. हृदयात तीन अडथळे आढळले. बुद्धीत एकही नाही, हे मीच प्रमाणित करतो.

कलम १. घर, ठेवी व टोयोटा गाडी पत्नी सौ. सुलभा हिला. गाडीचा डावा आरसा तिनेच तोडला असल्याने तक्रारीस वाव नाही.

कलम २. चि. शार्दूल यास नाणेशास्त्रावरील माझे समस्त ग्रंथ, कारण त्याने एकही उघडलेला नाही.

कलम ३. आता मुख्य विषय. राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीतील, सन १७१३चे चांदीचे फार्दिंग. मूल्य पेनीच्या चतुर्थांशाएवढे क्षुद्र. चलनासाठी तांब्याचे पाडायचे, तत्पूर्वी टांकसाळीने नमुना म्हणून हे चांदीत पाडले. बाजाराचे तोंड याने कधी पाहिले नाही. बोटाच्या पेराएवढ्या वर्तुळात राणीची करारी हनुवटी, केसांची प्रत्येक बट, वस्त्राची प्रत्येक चुणी! ज्याने हा ठसा कोरला, त्या हातास माझा साष्टांग नमस्कार. जवळजवळ तीनशे वर्षांच्या हवेने तिच्या गालावर निळसर करडी छटा चढली होती. संग्राहक या छटेवर जीव टाकतात.

२००४च्या लक्ष्मीपूजनास सुलभेने ते डबीतून काढले, चिंचेच्या कोळाने घासले, पंचामृताने न्हाऊ घातले व हळदकुंकू वाहिले.

"अहो, केवढं काळं पडलं होतं! आता बघा कसं लखलखतंय!"

मी ते नाण्यांच्या विक्रेत्यास दाखवले. त्याने भिंग लावले, छटा गेलेली पाहून शिवी गिळली व किंमत निम्म्याहून खाली आणली. शार्दूल उद्गारला, "बाबा, ईबेवर टाका ना. इट्स जस्ट अ कॉइन."

मी सहा महिने सुलभेशी केवळ किराणा या विषयावर संभाषण केले. शेवटी तीच म्हणाली, "घरातलं सगळ्यात भारी नाणं देवीपुढे नाही ठेवायचं, तर कुठलं ठेवायचं?"

दोनशे एक्क्याण्णव वर्षांत त्या नाण्यास कोणीही काम दिले नव्हते, तिने दिले.

सबब नाणे सुलभेस. शार्दूलने ते विकू नये. चिंच सर्वथा वर्ज्य. राणीच्या केसांच्या खाचेत त्या दिवशीचे कुंकू अजून आहे. विक्रेता ते काढून देणार होता. मी नको म्हटले. पुढेही कोणी काढू नये.

लक्ष्मीपूजन एकवीस तारखेस आहे. मी घरी परतलो असल्यास नाणे ताम्हनात मीच ठेवीन. नसल्यास सुलभेने ठेवावे, आणि कडेने धरावे.

सही: पुरुषोत्तम राजाराम वझलवार
साक्षीदार: मीनाक्षी देवपुजारी (शेजारी, चिंच यांच्याच घरून आली होती)
साक्षीदार: विक्रम पिंपळापुरे
एडिसन, १२ ऑक्टोबर २००६