कुणाचं हाड?

९ नोव्हेंबर, माकणी
सकाळी आरशात उरलेल्यांची विचारपूस. वरचा सुळा, बरा हाईस ना? त्याच्या शेजारचा, हलतोस, पण हाईस. खालची उजवी बाजू... तिथं विचारायला कुणीच न्हाय. कवळी बोलताना उडी मारते. आता जबड्यात स्क्रू रोवून पक्के दात बसवायचे. ठरलं.

१२ नोव्हेंबर
लातूर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजी, जबड्याचं हाड झिजलंय. खुंटी ठोकायला भिंतच उरली नाही. आधी हाड भरू, मग दात." भुकटी तयार मिळते म्हणे. कशाची? "जनावराच्या हाडाची, शुद्ध केलेली." माझ्या गळ्यात तुळशीची माळ. गपचिप उठून आले.

१३ नोव्हेंबर
घरात सांगायला नको होतं. थोरल्या जाऊबाई: "कुणाचं तरी हाड तोंडात घालून येळवशीच्या आंबिलीला हात लावायचा न्हाय, सांगून ठिवते. गवऱ्या मसणात गेल्या अन् हिला दात फुटायलेत!"
लग्न होऊन आले तवापासून येळवस अमावस्येला शेतातल्या निवदाची आंबील माझ्या हातची.
पोरगा: "आई, कवळी बरी हाय की." बरी हाय तर तू घाल.

१५ नोव्हेंबर
डॉक्टरीणबाईंना फोन. "माझंच हाड न्हाय का चालत?"
"चालतं की. मागच्या दाढेपाशी जबडा जाड आहे, तिथलं थोडं काढू. पण दोन जखमा होतील."
होऊ द्या. घरचं बियाणं, घरचंच रान.

२० नोव्हेंबर
झालं. बधिर केलं होतं, तरी खरवडल्याचा आवाज थेट टाळूत. गालाचा भोपळा. नुसती पेज.
जाऊबाई दारातूनच, "कुणाचं घातलं?" बोलता येईना, स्वतःच्या छातीवर बोट ठिवलं. दुपारपर्यंत गल्लीभर झालं, हिची बरगडी काढून तोंडात बसवली!

येळवस
आंबील म्याच केली. जाऊबाई चुलीपाशी येऊन उभ्या. "खरंच तुझंच हाय ना गं?"
म्हणलं, "माहेरचं हाय, अक्का. सासरची तेवढी आंबील."
"मग ढवळ की, बघतीस काय!"
शेतात त्यांनीच माझ्या पानातली शेंगा-भाज्यांची भज्जी चेचून दिली. कडक भाकरीकडं म्या नुसतं बघितलं. थांब म्हणलं, तुझी बारी येणार हाय.

१० मार्च
उद्या जबड्याचा फोटो. हाड धरलं तर दात, न्हायतर पुन्हा पहिल्यापासून. पोरगा म्हणतो, न्हाय धरलं तर नाद सोड. सोडते की, वर गेल्यावर.
ए हाडा, डाव्या बाजूचं तू, उजवीकडं नांदायला गेलंस. बरं हाईस का? रुजलंस का? हितं समदे खुशाल. जाऊबाई पण रोज विचारायल्यात. एक कळ नको, सूज नको, पण काहीतरी लवकर कळव.