माइक तपासताना बोललेलं

भाऊ, वहिनींना तुमचा आवाज हवा आहे. त्यांच्या जुन्या फोनमध्ये तुमचे दोन-चार व्हॉइस मेसेज होते, उशीर होईल, जेवून घे, अशा थाटाचे. ते त्या अधूनमधून ऐकायच्या हे मला आत्ता कळलं. दिवाळीच्या साफसफाईत फोन बादलीत पडला आणि चंद्रपूरच्या दुरुस्तीवाल्याने हात वर केले. मग त्यांनी मला राजुऱ्याला बोलावून घेतलं. म्हणाल्या, तुझ्याकडे त्यांची सगळी कामं आहेत, कुठंतरी बोलले असतीलच. मी मान डोलावली आणि बसने परत आले.

बोलले असतील! एरवी चहाच्या टपरीवर अर्धा तास मोडणारा तुमच्यासारखा बडबड्या माणूस, पण एवढी लग्नं शूट केलीत त्यातल्या एकाही व्हिडिओत तुम्ही नाही. कॅमेऱ्यामागचा माणूस मुका असतो, हा तुमचा पहिला नियम. नवरदेवाच्या मामाला फ्रेममधून हलवायचं तर हाताच्या खुणेनं, लाइट वर घ्यायचा तर भुवईनं. एका हळदीत मी "काकू, इकडे बघा" म्हणाले, तर सगळ्या मंडपासमोर तुम्ही मला झापलंत, तेही खुणांनीच. आणि एवढं करून मंडपातला खरा आवाज आपण ठेवायचो कुठं? सगळा काढून वर गाणी टाकायची, हीच धंद्याची रीत. तुमच्या मुलीचं लग्न मी शूट केलं. पाठवणीच्या वेळी तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ काहीतरी बोलत होता. त्यावर मी सनई टाकली. नंतर ते मेमरी कार्ड पुसून पुढच्या लग्नाला वापरलं. गेल्या आठवड्यात तो व्हिडिओ पुन्हा लावला. तुमचे ओठ हलतात आणि सनई वाजते. मला माझा इतका राग आला की लॅपटॉप मिटून टाकला.

तुमच्याकडे मी आले ते कॉलेज धड चालेना म्हणून. आमचं क्वार्टर ऊर्जानगरात, बाबा तिथल्या वीजनिर्मितीच्या प्लँटमध्ये शिफ्टला, आणि तुमचं दुकान गेटपासून दोन मिनिटांवर. राजुऱ्याहून रोज मोटरसायकलनं येऊन तुम्ही ते उघडायचा. पहिलं काम दिलंत, आईला चार प्रश्न विचार आणि रेकॉर्ड करून आण. मी पंखा बंद केला, टीव्ही बंद केला, शेजारच्यांचा कुकर होऊ दिला आणि मोठ्या ऐटीत रेकॉर्डर तुमच्या हातात ठेवला. तुम्ही ऐकलंत आणि हेडफोन माझ्या कानावर चढवलेत. आईच्या प्रत्येक शब्दाखाली प्लँटची घरघर होती, सलग, एका सुरात. जन्मापासून ऐकलेली, म्हणून मला कधी ऐकूच आली नव्हती. मी तुमच्याशी वाद घातला की रेकॉर्डरच खराब आहे. तुम्ही हसलात. त्या पावसाळ्यात एटापल्लीकडे एका माहितीपटाचं काम मिळालं, तिथं मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाहीत. नुसते हेडफोन लावून झाडाखाली बसवलंत. मला तो अपमान वाटला. आज माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी तसंच बसवते आणि त्याही तोंड पाडतात.

वहिनींना मी सगळं शोधते म्हणाले खरी, पण शोधायची गरजच नव्हती. तुमचा आवाज कुठं आहे ते मला माहीत होतं. कॉलर माइक कसा लावायचा ते शिकवताना तुम्ही दुकानातल्या स्टुलावर बसला होता. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही. आवाजाची लेव्हल बघायची म्हणून मी म्हटलं, काहीही बोला. तुम्ही म्हणालात, "बोलून राह्यलो, ऐकू येते का? राजुऱ्यात आज लई ऊन हाय, तुया वहिनीनं आंब्याचं लोणचं देल्लं हाय, घेऊन जा." मग त्याच सुरात सांगितलंत की नागपूरच्या डॉक्टरनं हृदय कमजोर झाल्याचं सांगितलंय, फार दिवसांची खात्री देत नाही. मी लेव्हलच्या आकड्यांवरून नजर उचलली तेव्हा तुम्ही माइककडेच बघत होता. "घरी सांगू नको. पोरीचं लग्न होऊन जाऊ दे, मंग मीच सांगतो." लेव्हल बरोबर आहे का विचारलंत. हे पुसून टाक म्हणालात. मी पुसलं नाही.

मुलीची पाठवणी झाली आणि त्याच आठवड्यात तुम्ही गेलात. तेव्हापासून वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच सांगतात, त्यांनाही दुखण्याची कल्पना नव्हती, असती तर मला आधी बोलले असते. त्यावरच त्या उभ्या आहेत. मी काय करणार? ऊन आणि लोणचं ठेवलं, पुढचं कापलं. बोलणं कापताना श्वास मधून तोडायचा नाही, श्वास पुरा होऊ द्यायचा, नाहीतर माणूस खोटा वाटतो, हे तुम्हीच माझ्या बोटांना लावलेलं वळण. त्याप्रमाणे शेवटच्या शब्दामागचा श्वास पुरा ठेवला आणि काल घेऊन गेले.

वहिनी पलंगावर बसल्या. हेडफोन लावताना पदर आडवा येत होता, तो मी सारखा केला. लोणच्यापाशी हसल्या. परत लाव म्हणाल्या. परत लावलं. मग परत. पाचव्या-सहाव्या खेपेला हसणं गेलं. हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "एवढा दम लागत होता त्यायले? दोन वाक्यं बोलाले?" मी म्हटलं, ऊन होतं, दुकान तापलेलं होतं. त्यांनी ते ऐकलंच नाही. "मी रोज बाजूले झोपत होती. मले काऊन ऐकू नाई आला?"

आज तुमच्या मुलीचा फोन आला. आई कालपासून जेवली नाही, नुसतं म्हणते की मी लक्ष दिलं असतं तर माणूस वाचला असता. तू नेमकं काय ऐकवलंस, असं तिनं मला विचारलं. आवाजात राग होता, आणि तो खोटा नव्हता. मी त्यांना दुःखातून वाचवायला कापलं आणि त्याहून वाईट दुःख हातात ठेवून आले. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होता, रोज, ठरवून, दम लागला की अंगणात निघून जात असाल. हे त्यांना कळलं तर त्या तुमच्यावर चिडतील. चिडू देत. स्वतःवर चिडण्यापेक्षा ते बरं.

उद्या सकाळच्या बसने मी पूर्ण रेकॉर्डिंग घेऊन राजुऱ्याला जाते आहे. घरी सांगू नको म्हणाला होतात, तर मी एक शब्द बोलणार नाही. मीच सांगतो म्हणाला होतात, तर सांगा.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, वहीतून फाडून चुलीत जाईल, म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी गप्प राहिले ती तुमचा शब्द राखायला, असं मी मानत आले. पण मघाशी फाइल पेनड्राइव्हवर घेताना हात अडला. ते तुम्ही फक्त मला सांगितलं होतं, वहिनींनाही नाही, आणि ते देऊन टाकणं अजूनही माझ्या जिवावर येतंय.