चंपाषष्ठीनंतरची सही

बाई, तुम्हाला लिहायला बसले ते नातीमुळे. ती सतरा वर्षांची आहे. दिलसुखनगरच्या एका कोचिंगवाल्यांनी हुशार म्हणून तिला फुकट घेतलं, आणि दोन वर्षं दुसरीकडे जाणार नाही असं लिहून तिची सही घेतली. माझा मुलगा तेव्हा परगावी होता, घाईत पोरीचीच सही झाली. आता चार महिन्यांनी दुसरा, मोठा क्लास तिला बोलावतोय. काल जेवताना मुलानं तो कागद वाचला आणि हसलाच. "अरे, ही तर नाबालिग! हिच्या सहीला काय अर्थ आहे? उद्यापासून जाऊ नको, कोण काय करतंय बघू." पोरगी पोळी मोडता मोडता थांबली. "पण पप्पा, चार महिने त्यांनी शिकवलं ते तर खरंच ना?" बाई, इतक्या वर्षांत ‘नाबालिग’ हा शब्द माझ्या घरात कुणी उच्चारला नव्हता.

जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांवर लिहितेय, नवी वही यासाठी मोडवत नाही. तुमचं अफझलगंजच्या मागच्या गल्लीतलं ते स्वयंपाकघर आठवतंय. एका भिंतीला स्टोव्ह, दुसऱ्या भिंतीला मशीन, आणि मध्ये सतरंजीवर आम्ही शिवण शिकणाऱ्या पाच-सहा पोरी. लग्नघरचे खडे दुपट्टे, नवरीच्या अंगावरचे ते लांबलचक, तुमच्याकडे यायचे, त्यांची जरीची किनार तुमच्यासारखी कुणाला जमत नसे. फोडणी घालतानाही तुमचं लक्ष आमच्या टाक्यांवर. एकदा मी एका गिऱ्हाइकाची बाही दोन बोटं तोकडी कापली आणि कापडच कमी होतं म्हणून ठोकून दिलं. तुम्ही रागावला नाहीत. मला हाताला धरून त्या बाईच्या दारात नेलंत आणि म्हणालात, "सांग बच्ची, तुझ्या तोंडानं सांग. कापडाला तोंड नाही म्हणून त्याच्यावर ढकलू नको." मी रडत रडत सांगितलं. येताना तुम्ही मला मिरचीभजी खाऊ घातलीत.

मॅट्रिकनंतर मी तुमच्याकडे रोज येऊ लागले. तुमच्या डोळ्यांना सुईचं नेढं दुहेरी दिसायला लागलं होतं. एक दिवस तुम्ही म्हणालात, "तुला सगळं जरीकाम शिकवते, वर्षभर, एक पैसा नको. मग दोन वर्षं हा क्लास तू चालव. लहान पोरींना कोण बघणार, मी अशी आंधळी होत चाललेली." मी लगेच हौ म्हटलं. लिहून देते म्हटलं. तर तुम्हीच मला थांबवलंत. "आत्ता नको. बच्चीची सही घेऊ नये, अल्ला-देव दोघं बघतात. अठरा पुरी होऊ दे." आणि तरी त्या दिवसापासून शिकवायला सुरुवात केलीत.

माझा जन्म चंपाषष्ठीचा. त्या वर्षी नैवेद्याच्या भरीत-रोडग्याला तुम्ही आमच्याकडे आलात, मला ओवाळलंत. म्हणालात, "अठरा झाली. आता हिच्या सहीला वजन आलं." चार दिवसांनी करार लिहिला. मी सही केली, तुम्ही अंगठा न लावता हौसेनं पूर्ण नाव लिहिलंत.

करारातलं शिकण्याचं वर्ष संपलं आणि आबिड्सच्या एका दुकानदारानं मला कामाला बोलावलं. काचेचं दार, वर पंखा, हातात स्वतःची कमाई. मी तुमच्याकडे यायची बंद झाले. पाचव्या दिवशी तुम्ही करार घेऊन आमच्या घरी आलात. वडील कोर्टात मुन्शी होते, हे तुम्हाला ठाऊकच होतं. त्यांनी माझं मॅट्रिकचं सर्टिफिकेट तुमच्यापुढे ठेवलं. शाळेत घालताना त्यांनी माझा जन्म दहा महिने उशिरा लिहवून घेतला होता, पुढे सरकारी नोकरी लागली तर तेवढे महिने जास्त मिळावेत म्हणून. त्या काळी घरोघर असंच करत.

"या तारखेनं सही केली तेव्हा पोरगी नाबालिग होती," वडील म्हणाले. "नाबालिगशी केलेला करार मोडत नसतो बाई, तो झालेलाच नसतो. आज ती सज्ञान आहे, पण त्यानं मागच्या सहीत जीव येत नाही."

तुम्ही त्यांच्याकडे पाहिलंच नाहीत. माझ्याकडे पाहिलंत. "भरीत खाल्लं होतं ना ग मी या घरात? त्या दिवशी कितवं वर्ष संपलं होतं तुला?"

"कोर्टात भरीत चालत नाही, सर्टिफिकेट चालतं," वडील म्हणाले. तुम्ही कागदाची घडी केलीत, पाणी मागितलंत, प्यालात, आणि भांडं जागेवर ठेवून गेलात. सहा महिन्यांत क्लास बंद झाला. माझं दुकानातलं काम आठ महिने टिकलं, मग लग्न झालं. तुम्ही गेल्याचं मला महिन्याभरानं कळलं.

पोरांना लबाड मोठ्यांपासून वाचवायला तो कायदा केलाय, असं वडील नेहमी सांगत. आमच्या घरात लबाड कोण होतं, हे तुम्हाला त्या दिवशी दिसलं असेल. मी एकादशी सोडत नाही, रोज देवापुढे बसते, पण हे त्यालाही कधी सांगितलं नाही. त्याला माहीतच आहे म्हणते आणि उठते.

काल रात्रीची भांडी आवरताना नात जवळ आली. "आजी, माझ्या जागी तू असतीस तर काय केलं असतंस?" मी तिला तुमची गोष्ट सांगितली. माझ्या वडिलांनी सर्टिफिकेट काढलं, असं सांगितलं. ती म्हणाली, "तुझे बाबा वाईट होते ग." मी हौ म्हटलं.

बाई, तुम्ही यायच्या आदल्या संध्याकाळी वडील मला म्हणाले होते, "लिहून दिलंयस. दोन वर्षं जा. दुकानदाराला मी समजावतो." मीच ट्रंक उघडली. मीच सर्टिफिकेट काढून त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. त्यांनी तारीख वाचली आणि विचारलं, "हे कुठे शिकलीस?" "तुमच्याकडूनच," मी म्हटलं. मग ते एका शब्दानं मला बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तुमच्यापुढे सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं.

पोरगी आज सकाळी त्याच जुन्या क्लासला गेली, बापाला न विचारता. तिला माझ्या वडिलांबद्दलचं खरं सांगायला हवं. सांगितलं नाही. ती इंग्रजी शाळेतली, मराठी अक्षरं तिला लागत नाहीत. म्हणून तर हे मराठीत लिहायचा धीर झाला.