दम सुटल्याचा निर्णय

२० नोव्हेंबर १९७२, सोमवार

नकार कळविला. तालुका संघाच्या चिटणिसांचे पत्र आले होते — ३ डिसेंबरला कर्जतच्या मैदानावर कबड्डीचा अंतिम सामना, पंच म्हणून आपणच उभे राहावे. शिवाय स्मरणिकेसाठी ‘सर्वांत कष्टाचा खेळ कोणता?’ हा आपण जुलैत कबूल केलेला लेख अद्याप यावयाचा आहे. दोन्हींस नाही म्हटले. कारण ‘प्रकृतीची अडचण’. हे असत्य आहे. प्रकृती उत्तम आहे.

२१ नोव्हेंबर

खरे कारण निदान येथे तरी लिहावे.

चौदा वर्षे मी पंच म्हणून उभा राहिलो तो केवळ कानाच्या बळावर. कितीही गलका असो, ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत चढाई करणाऱ्या गड्याचा दम नेमका कोठे सुटला, हे मला अचूक कळे. माझा निर्णय कोणी फिरविला नाही. आणि १३ जुलैच्या दुपारी आजारी नीलांबरीच्या खाटेपासून चार हातांवर मी हाच लेख लिहीत बसलो होतो. घरकामाच्या मालनबाई तिचे पाय चेपीत होत्या. माझ्या पत्नीचा श्वास थांबला — आणि तो मला ऐकू आला नाही! पान संपले, वर पाहिले, तेव्हा मालनबाई नुसत्या उभ्या होत्या. किती वेळ लोटला, हे मी त्यांना विचारले नाही. अजूनही नाही. त्या रोज येतात, भाकरी करून जातात.

असल्या मनुष्याने दुसऱ्याच्या दमाचा निर्णय कोणत्या तोंडाने द्यावा?

२३ नोव्हेंबर

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत त्याच लेखाच्या विषयावरून जुंपली. गणिताचे नारायणराव क्रिकेटचे भक्त — ‘पाच दिवस उन्हात उभे राहून दाखवा, शामकांतराव!’ त्यावर आमचे ड्रिल मास्तर गोरक्षनाथ, अर्धे आयुष्य तालमीत गेलेले — ‘उन्हात तर आमची म्हस बी उभी ऱ्हाती की दिसभर. तिला द्या ढाल!’ हशा झाला. नारायणराव चिडले आणि एकदम बुद्धिबळावर गेले. पाच तास एका जागी बसून मनुष्य घामाघूम होतो, म्हणाले. ‘मग उठावं की. कुनी बांधून घातलंय?’ — गोरक्षनाथ.

गप्प राहण्याचे ठरविले होते. तरी बोललो. कुस्तीगीर, धावपटू यांना श्वास आपल्या सोयीने घेता येतो. पोहणाऱ्याला मध्येच डोके वर काढता येते. चढाई करणाऱ्याने मात्र तो मोठ्याने खर्चावयाचा, सात जण अंगावर चालून येत असता किती उरला याचे भान राखावयाचे, आणि मध्यरेषेपर्यंत पुरवावयाचा. शिवाय तो सुटला नाही हे दुसऱ्या कोणाच्या तरी कानाला पटवावयाचे. शरीराची आणि बुद्धीची एवढी ओढाताण अन्य खेळात नाही.

गोरक्षनाथ हलक्या आवाजात म्हणाले, ‘सर, तुमी उभं ऱ्हावा. दुसऱ्या कुनाला एवढं कळतंय व्हय?’

चार महिन्यांत एवढे सलग बोललो नव्हतो.

२४ नोव्हेंबर

चिटणिसांना होकार कळविला. फक्त सामन्यापुरता.

२८ नोव्हेंबर

लेखाचे कागद काढले. मालनबाईंनी झाडता झाडता विचारले, ‘कशाचं लिवताय?’ सांगितले. म्हणाल्या, ‘खेळ एवढा अवघड असतोय तर खेळत्यात कशापायी? चार दिस खडी फोडाया या म्हनावं!’ त्यांची सून दुष्काळी कामावर जाते, हाताला फोड आले आहेत.

एक ओळही झाली नाही.

३ डिसेंबर, रविवार

मैदान दगडासारखे कठीण. प्यावयास पाणी नाही, तेथे मैदानावर कोण मारणार? गड्यांचे गुडघे फुटत होते.

कर्जत विरुद्ध श्रीगोंदा. शेवटच्या मिनिटापर्यंत बरोबरी. अखेरची चढाई कर्जतचा कप्तान राधाकृष्ण याची — माझा जुना विद्यार्थी. त्याने दोघांना शिवले, तिसऱ्याने त्याचे पाऊल धरले, तरी फरफटत येऊन त्याने मध्यरेषेला हात लावला. लोकांनी टोप्या उडविल्या. मी शिटी फुंकली. दम सुटला, गडी बाद. श्रीगोंदा एका गुणाने विजयी.

‘मास्तर, कान तपासून घ्या!’ ‘श्रीगोंद्याचा जावई हाय त्यो!’ हे खरे आहे. नीलांबरी श्रीगोंद्याची. कोणी मातीचे ढेकूळ भिरकावले, ते खांद्याला लागले. राधाकृष्ण लंगडत उठला, समोरच्या साऱ्यांशी हात मिळवून गेला. माझ्याकडे त्याने पाहिले नाही.

४ डिसेंबर

तो दम मी खरोखर सुटताना ऐकला काय? की जुलैत जे ऐकावयाचे राहिले, ते आता मला भलत्याच ठिकाणी ऐकू येऊ लागले आहे? तसे असेल, तर माझ्या दुःखाचा दंड मी त्या निरपराध मुलाला केला!

शाळा सुटल्यावर त्याच्या मळ्यात गेलो. मला पाहून तो बाजेवरून उठला, पाऊल सुजलेले. सरळ विचारले.

‘सर, तुमी म्हनला म्हंजी सुटला.’

‘मला मान नको, राधाकृष्ण. उत्तर हवे.’

तो पुन्हा बाजेवर टेकला. ‘मला कसं कळावं, सर? मी वरडत हुतो. आयकनारं तुमीच.’

चहा घेतल्याविना त्याच्या आईने सोडले नाही.

येताना वाटेत ठरविले. जुलैतल्या त्या दुपारी खोलीत ऐकणारे दोघे होते. दुसऱ्याला विचारलेच पाहिजे.

५ डिसेंबर

विचारले. मालनबाई पीठ मळीत होत्या. परातीतला हात थांबला, पण त्यांनी वर पाहिले नाही.

‘बाईंना धाप लागली तवा मी तुमास्नी हाक मारनार हुते. त्यांनी माजं मनगट धरलं. नको म्हनल्या, लई दिसांनी लिवाया बसल्यात. आन् सोताचा पदर तोंडावर दाबून धरला — तुमाला आयकू जाऊ नये म्हनून.’

‘शेवटपर्यंत?’

‘व्हय.’