रिकामं माप

आबा, तुमचं पितळी माप मी वाजवलं. रागावू नका, आधी सगळं ऐका. लिहिते हळूहळू, माझी शाळा तिसरीत सुटली ती तुम्हीच सोडवलीत.

लढाई संपून उल्हासनगरचा मिलिटरीचा तळ उठला, तेव्हा तुम्ही तिथून तोफगोळ्याची रिकामी पुंगळी आणलीत, वीतभर ठेवून वरची कापलीत, आणि हेंद्रेपाड्याला आपल्या घरात ती तांदळाचं माप झाली. मी असेन आठेक वर्षांची. आई चुलीपुढे बसलीय, मी उलथन्याने मापावर टोला देते, ते गायला लागतं, आणि तुम्ही दारातून येऊन त्याच्या तोंडावर पंजा ठेवता. "रिकामं माप वाजवतेस गं? घरात दाणा नको राहायला?" आवाज अर्ध्यातच मेला. तेव्हापासून चिंच लावून घासलं, सासरी नेलं, पण वाजवलं नाही. तळाशी मूठभर तांदूळ कायम.

आता माझी नात चित्रकलेच्या कॉलेजात जाते. चित्रं मात्र काढत नाही. उल्हासनगरातल्याच कॅम्प पाचच्या भंगारवाल्याकडून तिने तसल्याच पुंगळ्या आणल्या, कॅम्प चारच्या मिलिटरीच्या एका जुन्या बराकीत उलट्या टांगल्या. लोकांनी यायचं, लाकडी दांडीने हवं तसं वाजवायचं, हेच प्रदर्शन. मला म्हणाली, "आजी, पणजोबांचं माप दे ना, तेही लढाईतलंच." दोन दिवस मी टाळलं. मग दिलं, पण भोक पाडू दिलं नाही. भंगारवाला म्हणतो, "अम्मा, छेद नहीं तो लटकेगा कैसे?" म्हटलं, शिंकाळ्यात. स्वतः विणलं, माप सुलटं बसवलं, आणि गुपचूप मूठभर तांदूळ टाकले.

झालं काय, बाकीच्या पुंगळ्या घुमतात आणि आपलं माप म्हाताऱ्यासारखं खोकतं. नातीने आत डोकावून पाहिलं.

"आजी, तांदूळ?"

"रिकामं कसं ठेवू?"

"दोन महिने सूर जुळवत होते गं मी."

एवढंच. तिचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी पदर पसरला, तांदूळ ओतून घेतले आणि म्हटलं, "दे ती दांडी." टोला दिला, आणि आबा, काय लांब गेला तो आवाज, माझ्या बांगड्यांपर्यंत आला, पार मागच्या भिंतीशी जाऊन परत आला. मी वाट बघत राहिले, पण पंजा कुणी ठेवला नाही. लहानपणी अर्धाच ऐकलेला, तो पुरा ऐकला. नात हसायला लागली, मग मीही. पदरातल्या तांदळाचा भात करून आम्ही दोघींनी खाल्ला.

प्रदर्शन संपलं, माप घरी आलंय. हे पत्र धाडायचं तरी कुठे? घडी करून मापातच ठेवते, म्हणजे ते रिकामं राहायचं नाही. आणि एकदाच वाजवलं असं समजू नका. आत्ता लिहायला बसायच्या आधीही वाजवलं.