मोय माझ्या नावाने

वेंबक्कुडी,
१९ जुलै, आडी महिन्यातला पहिला शुक्रवार

वडीलधाऱ्या शेंबगम अक्कांना धाकट्या भावजयीचा, मलर्कोडीचा नमस्कार.

मी आणि यालिनी बऱ्या आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? तिरुप्पूरला जिना चढायला लागतो म्हणून विचारते. आपल्या गाईला कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. नारळाला यंदा भाव चांगला आहे, त्यामुळे आमच्या वखारीत मान वर करायला फुरसत नाही. मारिअम्मनच्या देवळात आज कूळ, नाचणीची आंबील, वाटली. तुमच्या वाटणीची यालिनीने पिऊन टाकली.

तुमचं पत्र मिळालं. फोन न करता मीही पत्रच लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही रडायला लागता आणि माझं बोलणं राहून जातं.

तुम्ही लिहिलंत, 'मलर, तो कॉम्प्युटरमधला तक्ता तुझ्या थोरल्या दिराला देऊन टाक. यंदाची पंगत तो घालील. पंगतीत जमणारी घराची मोय घरातल्या पुरुषाच्या नावाने यावी, तीच रीत आहे. यालिनीच्या शिक्षणाचं तो बघेल. तू हट्ट करू नकोस.'

देणार नाही.

इथेच पत्र संपवलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही मला कधी टाकून बोलला नाहीत, म्हणून का देणार नाही तेही लिहिते.

वखारीत हिशेबाला लागले तेव्हा मी एक्सेल शिकले, हे तुम्हाला ठाऊक आहे. शेठनी जुना लॅपटॉप दिला, त्याचे पैसे पगारातून कापून घेतले. दूध, गॅस, बचत गटाचा हप्ता, यालिनीची फी, सगळं मी त्यात भरायला लागले. हे हसायचे. "यात तांदूळ टाकले तर भात होतो का गं?" म्हणायचे. मग आम्ही आमची मोयची पंगत घातली. जेवून उठणारा प्रत्येक जण टेबलापाशी पुस्तकात नाव लिहून पैसे देत गेला. तुम्ही आला होतात. पोत्यात पैसे भरून हे घरी आले आणि म्हणाले, "मलर, घर भरलं बघ!" मी ती सगळी रक्कम कर्जाच्या रकान्यात घातली, लाल रंगात.

ते बघून यांचं डोकंच फिरलं. "लोकांनी मायेने दिलं आणि तू त्याला लाल रंग लावतेस? घरात अवदसा आणतेस!"

"मायेने दिलंय ना, मग मायेने परतही मागतील," मी म्हटलं.

दोन दिवस यांनी घरी जेवण घेतलं नाही, हॉटेलात पराठे खाल्ले. तिसऱ्या दिवशी गुपचूप शेजारी येऊन बसले. "बरं, मुरुगय्या टेलरचं किती देणं आहे तेवढं दाखव." तेव्हापासून कुणाच्याही पंगतीला निघताना, "तुझा डबा काय म्हणतो?" असं विचारूनच बाहेर पडायचे. घेतलेलं परत करायचं, वर थोडं जास्त द्यायचं. ते जास्तीचं म्हणजे आपण पुढच्याकडे ठेवलेले पैसे. ते मी हिरव्या रंगात लिहीत गेले. आमच्या बहुतेक लाल ओळी फिटल्या, अक्का, आणि हिरव्या वाढत गेल्या. ते हिरवं माझ्या पगारातून गेलेलं आहे. यांच्या रिक्षाच्या कमाईत डिझेल आणि टायर भागायचे, हे तुम्हीही जाणता.

बसस्टँडवर छातीत कळ येऊन हे गेले, तेव्हा आमचे तीन लाख ऐंशी हजार गावात होते आणि गावाचे साठ हजार आमच्याकडे.

आता थोरल्यांचं ऐका. हे तुम्हाला त्यांनी सांगितलं नसणार. दिवसकार्याला पाहुणे जेवून उठायच्या आत त्यांनी आमची पेटी उघडली आणि मोयचं पुस्तक काखेत मारून नेलं. मी बघत होते. मला कोपऱ्यात बसवलं होतं आणि त्या दिवशी मी उठायचं नसतं. गेल्या महिन्यात त्यांनी मंदिराच्या ओट्यावर चार वडीलधारे जमवले आणि ते पुस्तक नाचवून म्हणाले, "पुस्तक ज्याच्याकडे, मोय त्याची. भावाच्या नावाची पंगत मी घालणार."

अक्का, उभ्या गावात एवढी मोठी चूक दुसऱ्या कुणी केली नसेल. पुस्तकात आपण घेतलेलं असतं. दिलेलं आपल्या घरात कुठेच नसतं, ते दुसऱ्याच्या पुस्तकात असतं! आयुष्यभर पंगती झोडून हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, कारण परत द्यायला त्यांच्या घरून नेहमी वहिनीच जातात.

मी ओट्याखाली उभी होते. म्हटलं, "बरं झालं. ज्यांचं फिटायचं आहे त्या नावांवर यात खूण केलेली नाही. साठ हजार आहेत. पुस्तक तुमचं, तर फेडायचंही तुम्हीच. पंचांनी ऐकलंय."

पंचांतले पोन्नुस्वामी तात्या एवढे हसले की त्यांचा विडा खाली पडला. थोरल्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. चौथ्या दिवशी वहिनींनी पुस्तक टॉवेलात गुंडाळून आणून दिलं आणि दारातूनच म्हणाल्या, "घे बाई तुझं. याच्यापायी घरात तीन दिवस भांडी आपटताहेत."

त्यानंतर त्यांना कळलं की दिलेल्याचा हिशेब फक्त माझ्या तक्त्यात आहे. आणि मग तुमचं पत्र आलं.

तुमच्यावर राग नाही. पण यालिनीचं बघणारे लोक मी बघितले. तिला तिरुच्चीच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे. ऑगस्ट संपायच्या आत पहिल्या वर्षाचे पैसे भरायचे आहेत, नाहीतर जागा जाते. थोरल्यांना विचारलं, तर म्हणाले, "मुलीला कशाला एवढं? वखारीत तुझ्या शेजारी बसव." माझी पोर वखारीत बसणार नाही. ती तिरुच्चीला जाणार, तिच्या बापाने आणि मी लोकांकडे ठेवलेल्या पैशांवर जाणार, आणि त्यासाठी मला कुणाचे पाय धरायचे नाहीत.

तेव्हा ऐका. अकरा ऑगस्टला, रविवारी, मी पंगत घालते आहे. त्याच मांडवात आणखी तीन घरांच्याही पंगती आहेत, म्हणून मांडवाचा खर्च चार घरांत वाटून घेतलाय. पत्रिका सोबत आहे. छापणारा सारखा म्हणत होता, "ताई, 'कै. कदिरेसन यांचे कुटुंब' असं टाकतो, बरं दिसेल." मी म्हटलं, "कुटुंबाला नाव आहे. मलर्कोडी. चांगल्या मोठ्या अक्षरात टाका, चष्मा नसला तरी वाचता आलं पाहिजे."

थोरले गावभर सांगत फिरताहेत, "कुंकू पुसलेल्या बाईच्या पानावर कोण बसणार?" घेतले तेव्हा माझे पैसे हळदीकुंकवाचे होते आणि द्यायची वेळ आली तेव्हा ते अपशकुनी झाले, असं होतं का कुठे? लाल ओळींतल्या प्रत्येकाला मी त्याच मांडवात फेडणार आहे. हिरव्या ओळींतल्यांनी मलाही फेडावं. रीत रीत म्हणतात ना, ती ही आहे.

एवढं सगळं लिहिलं, तरी मला भीती वाटते. बोकडांचे पैसे आगाऊ देऊन बसले आहे. पानं मांडली, माईक लावला आणि लोक रस्त्यापलीकडे नुसते उभेच राहिले तर? यालिनीला हे दाखवत नाही. तुम्हालाही लिहिणार नव्हते.

आणखी एक गोष्ट लिहिणार नव्हते.

आमच्या पंगतीला तुम्ही मागच्या दाराने आलात. दाजी जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. तुम्ही मांडवात पाऊल टाकलं नाही, स्वयंपाकघरात बसून कांदे चिरलेत. शिलाईच्या कंपनीतून जमवलेले दहा हजार तुम्ही थोरल्यांच्या हातात दिलेत आणि त्यांनी टेबलावर जाऊन स्वतःचं नाव लिहिलं, 'सोमसुंदरम, दहा हजार'. माईकवरही तेच नाव घेतलं. हे मला रात्री म्हणाले, "ते अक्काचे आहेत." पुढे थोरल्यांच्या पंगतीत आम्ही ते बारा करून परत केले, त्यांच्याच नावावर, कारण लिहिलं तसंच फेडावं लागतं. त्यातलं तुमच्या हातात काय आलं ते तुम्हालाच ठाऊक. मी विचारत नाही.

अशा आणखी दोन ओळी आहेत. तुम्ही राबून कमावलंत आणि नाव त्यांचं लागलं. आज त्यांचीच बाजू घेऊन तुम्ही मला रीत शिकवता, याचं मला फार वाईट वाटलं, अक्का. पत्र वाचून मी रडले. मग उठून लॅपटॉप उघडला आणि त्या तिन्ही ओळींत सोमसुंदरम खोडून शेंबगम लिहिलं. गाव मानो न मानो, माझ्या तक्त्यात तुमचे पैसे तुमच्या नावाने आहेत.

पहिली मोय मामाने लिहायची असते. मला भाऊ नाही. म्हणून त्या दिवसाच्या तक्त्यातली पहिली ओळ मी रिकामी ठेवली आहे. तिथे तुम्ही लिहायचं. दहा रुपये लिहा, माझी काही तक्रार नाही. पण पुढच्या दाराने, मांडवातून, सगळ्यांच्या समोरून यायचं आणि टेबलापाशी आपलं नाव स्वतःच्या तोंडाने सांगायचं. माईकवर यालिनी आहे. तिला मी तुमचं नाव खणखणीत म्हणायला शिकवलंय.

कांदे चिरायला दुसऱ्या बायका सांगितल्या आहेत.

मांडवाच्या तोंडाशी तुमची वाट बघत उभी,
मलर्कोडी