डावी नाकपुडी

प्रिय ढब्ब्या,

तुझ्या दवाखान्याच्या पाटीवर नावाखाली तीन ओळी पदव्या आहेत, म्हणून 'डॉक्टरसाहेब' असं लिहिणार होते. पण परवा तुझ्या बायकोचा फोन आला आणि बेत बदलला. दोन आठवडे दवाखान्याला कुलूप लावून, पडदे ओढून घरात बसलेल्या माणसाला साहेब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लहानपणी गुडघा खरचटला की पलंगाखाली जाऊन बसायचास, तोच तू. पन्नाशी आली, केस गेले, भोकाड पसरायची सवय तेवढी राहिली. ऑपरेशन माझं झालं, बोळे माझ्या नाकात कोंबले होते, आणि समजूत काढायची तुझी! फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतलाय. रडणं आवरून शेवटपर्यंत वाच.

मागच्या वर्षी नाक चोंदायला लागलं तेव्हा तुला फोन केला होता. तू जेवत होतास, चमचा ताटाला लागल्याचं ऐकू येत होतं. "ताई, पॉलिप असणार, नाकातला साधा मऊ फुगवटा. अठ्ठावीस वर्षं लाकडाच्या भुशात बसतेस, सूज येणारच. स्प्रेचं नाव पाठवतो." चार मिनिटांत निकाल! नाकाचा एवढा नावाजलेला डॉक्टर, आणि नाक न बघता नाकाचा निवाडा करतो. आमच्या कारखान्यात फळी न उलटता ती सरळ आहे म्हणून कुणी सांगितलं, तर आम्ही त्याच्या हातात झाडू देतो. तुझ्या हातात मात्र लोक फुलांचे गुच्छ देतात.

आठ महिने स्प्रे मारला. सँडर मशीनवर खुर्च्यांचे पाय घासायचे, जेवणाच्या सुट्टीत स्प्रे मारायचा, परत घासायला बसायचं. तू पाठवलेला तो महागाचा मास्क खिळ्याला टांगून ठेवला होता, त्याच्यावरही बोटभर भुसा साठला. मग डावा डोळा गळायला लागला. वरच्या डाव्या दाढेला मुंग्या आल्यासारखं वाटायला लागलं. दाताच्या डॉक्टरनं दाढ ठोकून पाहिली, म्हणाला दाढ ठणठणीत आहे, नाक दाखवा. म्हणजे बघ, जे दातवाल्याला सुचलं ते सुचायला तुझ्या तीन ओळी पुरल्या नाहीत.

इथल्या मोठ्या रुग्णालयात एक मुलगी भेटली. मुलगीच म्हणते, तुझ्या थोरलीच्या वयाची असेल. चष्म्याची दांडी चिकटपट्टीनं जोडलेली, पाटीवर पदवी एकच. पण तिनं तासभर घेतला. दोन्ही बाजूंना चोंदतं की एकाच? रक्त? दर वेळी त्याच बाजूनं? गाल बोटानं दाबून दोन्हीकडे सारखं कळतंय का विचारलं. मग बारीक दुर्बीण आत घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला. साधे पॉलिप बहुतेक दोन्हीकडे असतात म्हणाली, सोललेल्या द्राक्षांसारखे फिकट, मऊ, टोचलं तरी सहसा रक्त येत नाही. माझं होतं ते फक्त डावीकडे. लालभडक, खरबरीत, दुर्बिणीचं टोक लागलं तशी रक्ताची रेघ आली. तरी ती एकदम 'कॅन्सर' म्हणाली नाही. एका बाजूचं सगळंच वाईट नसतं म्हणे. काही गाठी साध्या असतात, काही आज साध्या आणि पुढं बिघडणाऱ्या. "पण एकाच बाजूला असेल तर नुसतं डोळ्यानं बघून साधं म्हणायची माझी हिंमत नाही. आधी स्कॅन, मग तुकडा काढून तपासू." ढब्ब्या, 'माझी हिंमत नाही' हे वाक्य मी डॉक्टरच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तू तर जन्मात म्हणाला नाहीस.

स्कॅनचं तिनं असं सांगितलं, की साधी गाठ हाडाला हळूहळू बाजूला रेटते, वाईट गाठ हाड खाते. माझ्या डोळ्याजवळच्या पातळ हाडाची कड दाखवली. मला काही समजावायला लागलं नाही. किडीनं आतून पोखरलेली फळी मी लांबून ओळखते. नऊ दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला, कॅन्सर. कठीण लाकडाचा भुसा वर्षानुवर्षं नाकात गेलेल्यांना होतो त्या जातीचा.

मग काय, माझ्या तोंडाला धारच चढली. वॉर्डात जो येईल त्याला सांगायचे, माझा भाऊ नाकाचा मोठा डॉक्टर, त्यानं चार मिनिटांत पॉलिप ओळखला! नर्सा हसायच्या. तुझ्या बायकोलाही मीच तिखटमीठ लावून सांगितलं. तिनं ते तुला सांगितलं, आणि तू पडदे ओढलेस. आता ती म्हणते, तू एकच घोकत बसतोस, "मी विचारलंच नसेल, मी ताईला काही विचारलंच नसेल."

विचारलं होतंस, गाढवा.

चमचा खाली ठेवून विचारलं होतंस. "एकाच बाजूला चोंदतं का? रक्त येतं का?" आणि मी म्हणाले, छे रे, दोन्हीकडे. रक्तबिक्त काही नाही. रुमाल तेव्हा माझ्या मांडीवरच होता, डाग वाळला नव्हता. मला हे काम ज्यांनी शिकवलं ते म्हातारे मिस्त्री तुला आठवत असतील. त्यांच्याही नाकातून एकाच बाजूनं रक्त यायचं. पुढं डोळा बाहेर आला, वर्षात गेले. त्यांना शेवटची अंघोळ मी आणि त्यांच्या सुनेनं घातली होती. एक बाजू म्हटलं तर तू काय म्हणशील ते मला पक्कं ठाऊक होतं. मला पॉलिपच ऐकायचं होतं, म्हणून तुझ्याकडून पॉलिप वदवून घेतलं आणि आठ महिने तुझ्या नावाआड लपून बसले. लोकांना भित्रं म्हणत आयुष्य काढलं मी, पण माझ्यापुढं पलंगाखालचा तू वाघ. 'गाडीत बस आणि नाक दाखवायला ये' असं दरडावून म्हणाला नाहीस, तेवढी चूक तुझी. ती ठेव स्वतःकडे. बाकीची माझी आहे, परत दे.

हे पत्र मात्र तुझं मन हलकं करायला लिहिलेलं नाही. तेवढी मी गोड नाही. आमच्या कारखान्यात पॉलिशवाले काका आहेत, माझ्या पलीकडच्या टेबलावर बसतात. चार महिन्यांपूर्वी त्यांचं नाक चोंदलं तेव्हा मीच ऐटीत तुझा स्प्रे त्यांच्या हातात दिला, माझ्या भावाचं औषध आहे म्हणून. परवा मला भेटायला आले आणि बोलता बोलता नाक पुसलं. उजवं. फक्त उजवं. रुमाल खिशात घालायची त्यांची घाई मी बरोबर ओळखली. रुग्णालयात चला म्हटलं तर हसले. "तुझ्या भावाचं औषध चालू आहे की, बरा आहे मी." मी खोटं बोलले होते हे त्यांना सांगितलं, तरी पटत नाही. नाक दाखवीन तर तुझ्या भावालाच, असं म्हणून बसलेत. जगात मूर्खांची कमी नाही, तुझ्यावर अजून एवढा विश्वास ठेवणारे आहेत. त्यांची गाठ साधीही निघेल, पण ते मी ठरवायचं नाही, त्यांनी नाही आणि तूही फोनवर नाही. सोमवारपासून माझी किरणं सुरू होतात, सहा आठवडे. काढलेल्या गाठीच्या कडा स्वच्छ निघाल्यात, म्हणजे आत काही उरलेलं दिसत नाही, पुढचं पुढं. पण त्यांना ओढून न्यायची ताकद तेव्हा माझ्यात नसेल. म्हणून रविवारी दुर्बीण घेऊन ये. आधी काकांना खुर्चीत बसव, मग कारखान्यात भुसा खाणाऱ्या बाकीच्या चौदा जणांना. मला भेटायचं असेल तर रांगेत सगळ्यांच्या मागं उभा राहा.

तुझीच,
ताई